भिंतीतले गोचीड

आमचा कुत्रा मोती तीन दिवस भाकरीला तोंड लावेना. आम्हाला वाटलं ऊन लागलं असेल, मे महिना होता आणि नाशिक आता पूर्वीसारखं थंड कुठे राहिलंय. चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं आणि त्याला तसाच उचलून डॉक्टरांकडे पळालो. प्लेटलेट्स ३८ हजार, कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. एर्लिकिया निघाला, म्हणजे ज्याला सगळे टिक फीव्हर म्हणतात तो, गोचिडातून होणारा. चार आठवडे डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक दिलं, आता खातोय, गेटवर धावतोय, पण ते चार दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

जास्त वाईट ह्याचं वाटतं की मी दर रविवारी त्याचे गोचीड काढायचे, आंघोळ घालायचे, पावडर लावायचे आणि दोन दिवसांत कानामागे परत तितकेच. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, हा झोपतो कुठे? तिथे रात्री टॉर्च मारून बघा.

मोती जिन्याखाली गोणपाटावर झोपतो. रात्री दहाला टॉर्च घेऊन गेले. भिंतीच्या प्लास्टरला एक बारीक भेग गेलीय, जमिनीपासून माझ्या खांद्याएवढी वर, आणि त्या भेगेतून तपकिरी चपटे गोचीड एकामागे एक वर चाललेले. गोणपाट उचललं तर खाली रक्त पिऊन टम्म झालेली मादी, हुबेहूब एरंडाची बी, आणि तिच्याजवळ खसखशीसारखा अंड्यांचा ढीग. एक मादी ४,००० पर्यंत अंडी घालू शकते. पिल्लं रक्त पितात, खाली पडतात, भेगेत जाऊन कात टाकतात, परत चढतात, असं दोनदा, आणि तिसऱ्यांदा रक्त पिऊन मादी अंडी घालायला खाली उतरते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात ते थोडेच, बाकी सगळे भिंतीत, आणि उपाशी कित्येक महिने काढतात.

इंटरनेटवर गवत कापा, पाचोळा काढा असंच जास्त सापडतं. ते परदेशातल्या जंगलाकाठच्या घरांसाठी बरोबर आहे, तिथला गोचीड हरणांवरचा, गवतात राहणारा. आपल्या रो हाऊसमध्ये कुत्र्यावर असतो तो भेगांमध्ये राहणारा. आंब्याचा पाचोळा मीही काढला, पण खरा फरक पडला तो गवंड्याला बोलावून सिमेंटने भेगा भरून घेतल्या तेव्हा. गोणपाट फेकलं, त्याची चादर दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. मोतीला डॉक्टरांनी वजन बघून गोचिडांवरची गोळी दिली. फवारणीचं औषधही त्यांनाच विचारून आणलं, भिंतीच्या कडा, जिन्याखाली, पाइपामागे मारलं आणि तीन आठवड्यांनी परत, कारण अंडी फवारणीने मरत नाहीत, दुसरी फवारणी चुकवली की पहिली वाया.

माझा दीर दिंडोरीहून द्राक्षबागेचा पंप घेऊन यायला निघाला होता, बागेचंच औषध मारतो म्हणाला. प्रेमापोटीच म्हणाला, पण कृपा करून हे कोणी करू नका, ते पिकाचं औषध आहे, अंगणात लेकरं खेळतात. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही वापरू नका, मांजराच्या जिवावर बेततं.

शेजारच्या काकू माकडतापाच्या बातमीने घाबरल्या होत्या, तोही गोचिडातूनच होतो. तो तिकडे सिंधुदुर्गातल्या जंगलपट्ट्यात, त्याचा गोचीड वेगळा. पण कुत्र्यावरच्या गोचिडातून माणसालाही टिक टायफस होऊ शकतो, ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. म्हणून ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आठवणीने सांगा. आमच्या आई नखाने चिरडायच्या, ते बंद केलं, कारण रोगाचे जंतू त्या रक्तात असतात आणि बोटाला बारीक जखम असली की आत जातात. रॉकेल नको, काडी लावणं नको. चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरायचा, सरळ ओढायचा, सॅनिटायझरच्या बाटलीत टाकायचा.

गल्लीतल्या तीन कुत्र्यांना आई रोज पोळी घालतात, ती आमच्या गेटलाच टेकून झोपतात. आता काकू आणि आम्ही अर्धे अर्धे पैसे काढून त्यांनाही गोळी देतो, पोळीत गुळाबरोबर.

काल रात्री परत टॉर्च मारली. भेगा स्वच्छ आहेत, फक्त ड्रेनेजच्या पाइपामागे एक बारका सापडला. रविवारी तिथेही सिमेंट लावून घेते.