रिपोर्ट आणि पेशंट जुळत नाहीत तेव्हा

"मॅडम, रिपोर्ट आणि पेशंट जुळत नाहीत." आमच्या रुग्णालयातील एंडोक्रायनॉलॉजिस्टांचा (संप्रेरकांच्या आजारांच्या तज्ज्ञांचा) हा फोन आला तेव्हा मी जीवरसायन प्रयोगशाळेत सकाळच्या क्वालिटी कंट्रोलचे आलेख पाहत होते. असे वाक्य ऐकले की हातातले काम बाजूला ठेवायचे, ही आमच्या विभागाची जुनी शिस्त आहे. यंत्र बिघडले तर बहुतेक वेळा ते आधी आम्हाला कळते. पण यंत्र ठणठणीत असूनही उत्तर चुकीचे निघते, तेव्हा ते ओळखण्यासाठी रुग्णाकडे नीट पाहणारा डॉक्टरच लागतो.

रुग्ण पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) यंत्राला मोजता येणाऱ्या किमान मर्यादेच्याही खाली, एफटी३ आणि एफटी४ ही थायरॉइडची स्वतःची संप्रेरके दोन्ही चांगलीच वाढलेली, आणि टीएसएच-रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडेही पॉझिटिव्ह. कागदावर हा ग्रेव्हज् डिसीज, म्हणजे स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे थायरॉइड अति काम करू लागण्याचा आजार, होता, आणि तोही पाठ्यपुस्तकात शोभावा असा. प्रत्यक्षात मात्र बाईंची नाडी सत्तरच्या आसपास होती, पसरलेली बोटे थरथरत नव्हती, वजन उतरले नव्हते, थायरॉइडची ग्रंथी सुजलेली नव्हती आणि डोळ्यांत काही दोष नव्हता. केस गळतात, एवढीच त्यांची तक्रार होती. अशा रिपोर्टवर थायरॉइडचे काम कमी करणारे कार्बिमॅझोल सुरू करणे हा नेहमीचा मार्ग. पण या औषधाने क्वचित का होईना पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात, आणि जो आजारच नाही त्यासाठी हा धोका कोणी का पत्करावा, असा डॉक्टरांचा सरळ प्रश्न होता.

नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे आम्ही प्रथम पाहिले. बारकोड बरोबर होता, त्या दिवशीचे कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) मर्यादेत होते, आणि तोच नमुना पुन्हा लावला तेव्हा जवळपास तेच आकडे आले. मग मी चारही तपासण्यांची पद्धत कागदावर शेजारीशेजारी मांडली आणि तिथे चित्र उलगडू लागले. आमच्या यंत्रावरची टीएसएचची तपासणी सँडविच पद्धतीची आहे (शोधायचा रेणू दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडला जातो; रेणू जास्त तितका संकेत जास्त), तर एफटी३, एफटी४ आणि रिसेप्टर प्रतिपिंडे यांच्या तपासण्या स्पर्धात्मक पद्धतीच्या (रक्तातला रेणू आणि खूण लावलेला रेणू एकाच जागेसाठी झगडतात; रक्तातला रेणू जास्त तितका संकेत कमी). चारही तपासण्यांत बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) आणि स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन (त्याला चिकटणारे एक प्रथिन) यांच्या अतिशय घट्ट बंधाचा उपयोग करून रासायनिक संकुल सूक्ष्म कणांवर धरून ठेवले जाते. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते कणांवरच्या जागा आधीच अडवते, संकुल धुऊन जाते आणि यंत्राला मिळणारा संकेत क्षीण होतो. सँडविच पद्धतीत क्षीण संकेताचा अर्थ 'कमी' असा लागतो, तर स्पर्धात्मक पद्धतीत त्याच क्षीण संकेताचा अर्थ 'जास्त' असा लागतो. एकाच कारणाने टीएसएच खोटे खाली गेलेले आणि बाकी सारे खोटे वर चढलेले दिसते, आणि दोन्ही मिळून ग्रेव्हज् डिसीजची हुबेहूब नक्कल तयार होते.

संशय पक्का होता, पण डॉक्टरांच्या केसपेपरवर 'चालू औषधे : नाहीत' असे स्पष्ट लिहिलेले होते. नवा नमुना देण्यासाठी बाई आल्या तेव्हा मी स्वतः त्यांच्याशी बोलायला बसले. कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नाला त्यांनी पुन्हा तितक्याच प्रामाणिकपणे "एकही नाही" असे उत्तर दिले. मग मी प्रश्न बदलला. "ताई, औषध राहू द्या. केसांसाठी, झोपेसाठी, सांध्यांसाठी, ताकदीसाठी, अशी एखादी गोळी, कॅप्सूल, पावडर, तेल, चूर्ण, काहीही घेता का?" त्यांचा चेहरा खुलला. "हो, ते घेते की! पण ते औषध नाही ना, डॉक्टर." पर्समधून त्यांनी आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली प्लॅस्टिकची डबी काढली. प्रत्येक कप्प्यात माशाच्या तेलाची पिवळसर पारदर्शक कॅप्सूल, अश्वगंधाची तपकिरी कॅप्सूल, झोपेसाठी मेलाटोनिनची छोटी पांढरी गोळी आणि केसांसाठीची एक गुलाबी गोळी होती. त्या गुलाबी गोळीच्या वेष्टनाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता आणि त्यावर लिहिले होते : बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, आणि ते रोजच्या अन्नातून सहज मिळते.

अश्वगंधाकडेही मी दुर्लक्ष केले नाही, कारण त्याने थायरॉइडची संप्रेरके खरोखर वाढल्याच्या काही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मात्र संप्रेरके या रिपोर्टाइतकी खरोखर वाढली असती, तर बाईंची नाडी इतकी शांत राहणे अवघड होते.

त्या डबीतल्या चारही गोष्टी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांच्या सांगण्यावरून आल्या होत्या आणि एकीचीही नोंद कोणत्याच डॉक्टरांकडे नव्हती. यात बाईंचा दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. पूरक आणि पर्यायी उपचारांचा प्रौढांमधील वापर मोजण्याचे काम अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. तिथले संशोधक डेव्हिड आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सर्वेक्षणांत असे उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १९९० मध्ये सुमारे ३४ टक्के आणि १९९७ मध्ये ४२ टक्के आढळले, आणि दोन्ही वेळा या उपचारांपैकी चाळीस टक्क्यांहूनही कमी डॉक्टरांच्या कानावर घातले गेले होते. न सांगण्याची कारणे त्याच गटाने पुढे विचारली तेव्हा '​डॉक्टरांना हे कळणे महत्त्वाचे वाटले नाही' असे ६१ टक्क्यांनी आणि 'डॉक्टरांनी कधी विचारलेच नाही' असे ६० टक्क्यांनी सांगितले. डॉक्टर नाराज होतील ही भीती मात्र फक्त १४ टक्क्यांना होती. लोक लपवतात असे आपण वैद्यकीय वर्तुळात फार सहज बोलून जातो, पण हे आकडे तसे सांगत नाहीत.

'उपचार' म्हणून काय धरायचे, हा पेच मोजणीतही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात २००२ साली आरोग्यासाठी केलेली प्रार्थना धरली तर वापराचे प्रमाण ६२ टक्के भरते आणि ती वगळली तर ३६ टक्के. २००२ ते २०१२ या काळात एकूण प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिले, पण आतली मांडणी बदलली : योग करणारे ५ टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांवर गेले, मेलाटोनिन आणि प्रोबायोटिक्सचा वापर वाढला, तर इकिनेशियासारख्या वनस्पतींचा कमी झाला. पूरक उपचारांच्या या मोजणीत जीवनसत्त्वांच्या साध्या गोळ्या धरलेल्या नसतात, म्हणून ती गुलाबी गोळी तिथे दिसलीच नसती. ती दिसते पोषणाच्या वेगळ्या सर्वेक्षणात : दिवसाला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक बायोटिन घेणारे अमेरिकी प्रौढ १९९९-२००० मध्ये ०.१ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये २.८ टक्के झाले. रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही वाढ मुळीच किरकोळ नाही.

बाईंना बायोटिन तीन दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगून आम्ही पुन्हा रक्त घेतले. टीएसएच २.१, म्हणजे मर्यादेत, आले, एफटी३ आणि एफटी४ही मर्यादेत आले, प्रतिपिंडे निगेटिव्ह आली. कार्बिमॅझोलची चिठ्ठी लिहिलीच गेली नाही. त्याच नमुन्यातून मी डी जीवनसत्त्व पुन्हा मोजायला सांगितले होते, कारण आमच्याकडे तीही तपासणी स्पर्धात्मक पद्धतीची आहे. आधीच्या रिपोर्टमध्ये ते भरपूर दिसले होते. आता ते बरेच कमी निघाले. जो आजार नव्हता तो बायोटिनने दाखवला होता आणि जी कमतरता खरोखर होती ती झाकली होती. बाई काही क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मी हे सगळं बंद करू का?" सरसकट नाही, असेच आम्ही सांगितले : बायोटिनची कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही, अश्वगंधाबद्दल डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि जे काही चालू ठेवाल ते प्रत्येक तपासणीआधी सांगावे.

आमच्या नमुना-संकलन कक्षातल्या अर्जावर आता 'औषधे' या रकान्याखाली 'केस, त्वचा, झोप, सांधे, ताकद यांसाठी घेत असलेले काहीही' असा स्वतंत्र रकाना आहे, आणि रक्त घेणारी मुले-मुली तो रिकामा राहू देत नाहीत. अनेक कंपन्यांनी आता बायोटिनला दाद न देणाऱ्या सुधारित तपासण्या आणल्या आहेत, तरी जुन्या पद्धतीची रसायने अजून वापरात आहेत. थायरॉइडच्या रुग्णाला तीन दिवस थांबवता येते. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला थांबवता येत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिनही बायोटिनमुळे खोटे कमी येऊ शकते, आणि अशा खोट्या कमी आकड्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मधील इशाऱ्यात केली आहे. म्हणून अतिदक्षता विभागासाठी आम्ही वेगळी सोय केली : छातीत दुखणाऱ्या रुग्णाचे ट्रोपोनिन आणि ईसीजी जुळत नसतील तर तिथल्या नर्सने नातेवाइकांना हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर 'हो' आले तर नमुना बायोटिनवर न चालणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर लावायचा.