रेघ सरकली

दिवसभर शाळेच्या टिनाच्या खोलीत पोरांसोबत होतो. पुठ्ठ्याचा डबा, ब्लेडची फट, डीव्हीडीचा तुकडा आणि मोबाइल, एवढ्यावर वर्णपटमापी (उजेड रंगांत फोडून मोजायचं यंत्र) केला. जुना सीएफएल दिवा लावून त्यातल्या पाऱ्याच्या दोन रेघा पकडल्या: निळीची तरंगलांबी ४३५.८ नॅनोमीटर, हिरवीची ५४६.१. झाली आमची फुटपट्टी.

दुपारी मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात पेटवली. सोडियमची पिवळी रेघ ५८९ वर यायला हवी, आली ५९५ वर. दोनदा मोजलं, तेच. मी वातीकडे बघत बसलो. सातवीतली एक पोरगी मात्र पुन्हा सीएफएल लावून आली अन् म्हणाली, “सर, हिरवी रेघच सरकली न!” टिन तापलं होतं, पुठ्ठा वाकला होता. मग आधी सीएफएल, मग वात, लगेच पुन्हा सीएफएल. आता ५९० आलं. पोरीचा चेहरा बघायला हवा होता!

मोठ्या वेधशाळांचंही दुखणं हेच. पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर डोलतो. ग्रहाच्या शोधात दुसऱ्या ताऱ्याचं असलं डोलणं वर्णपटातल्या रेघांच्या सरकण्यातून पकडायचं तर यंत्र जरासं तापूनही चालत नाही. म्हणून चिलीतल्या वेधशाळेतला ‘हार्प्स’ हा वर्णपटमापी निर्वात टाकीत असतो, तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळतात. ताऱ्यासोबतच दुसऱ्या फायबरमधून थोरियम-आरगॉन दिव्याचा उजेड सोडतात, म्हणजे सरक लगेच कळते. माउंट अबूच्या ‘पारस’ या वर्णपटमापीतही हीच युक्ती आहे. आता तर अणुघड्याळाला बांधलेला लेझरचा कंगवा आलाय, सारख्या अंतराच्या हजारो रेघांचा.

उद्या सकाळी सातलाच मोजणार आहोत, टिन तापायच्या आत.