कोरोना वाईट की धूर? तुम्ही विचारलंत म्हणून

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, शिवारात उसाचं पाचट जळू लागलं, की प्रश्न येतो: "डॉक्टर, कोरोनापुढं हा धूर म्हणजे काहीच नाही ना?" 2021 चा उन्हाळा कोल्हापूरनं सोसलाय. साथीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण "काहीच नाही" हेही म्हणणार नाही.

पूर्वी मी आकडे सांगायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 आणि 2021 मिळून कोरोनाकाळात नेहमीपेक्षा 1 कोटी 49 लाख जादा मृत्यू झाले. घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेनं 2019 या एकाच वर्षात 67 लाख. आकडे खरेच आहेत, पण ते कुणाला पटत नाहीत, कारण कोरोनानं गेलेला माणूस घरच्यांना ठाऊक असतो. धुरानं गेलेल्याच्या दाखल्यावर हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया असलं काहीतरी लिहिलेलं असतं.

म्हणून आता लंडनचं सांगतो. 5 ते 9 डिसेंबर 1952. थंड हवा जमिनीलगत अडकली, वरच्या उबदार थरानं झाकण घातलं आणि घरोघरच्या कोळशाचा धूर शहरावरच साचला. सरकारनं आधी सुमारे 4,000 मृत्यू धरले. धुकं विरलं तरी पुढचे तीन महिने माणसं नेहमीपेक्षा जास्त मरत राहिली, आणि सरकारी अहवालानं ते मृत्यू फ्लूच्या नावावर टाकले. 2001 मध्ये आकडे पुन्हा तपासले गेले. इतके मृत्यू फ्लूनं व्हायचे तर त्या हिवाळ्यात फ्लूची फारच भयंकर साथ हवी होती, आणि तशी ती नव्हती. एकूण अंदाज 12,000 च्या घरात गेला. धुराचे बळी जवळजवळ पन्नास वर्षं विषाणूच्या खात्यावर होते. तुमची तुलना मला खुपते ती इथं. शिवाय धुरानं श्वासनलिकेतली कफ बाहेर ढकलणारी केसाळ झालर दुबळी होते, म्हणजे विषाणूला वाट आयती मिळते. ही दोन संकटं वेगळी मोजायची तरी कशी?

घरात मात्र दोन्हींचे उपाय एकमेकांच्या आड येतात. ताप-खोकल्याचा रुग्ण असेल तर खिडक्या समोरासमोर उघडा. शेजारचा उसाचा फड पेटला असेल तर बंद करा. दोन्ही एकदम असेल तर धूर ओसरेपर्यंत खिडकी बंद, रुग्ण वेगळ्या खोलीत आणि सर्वांना एन-95. सर्जिकल मास्क कडांनी उघडा राहतो, सूक्ष्म कण तिथूनच आत जातात. हेपा फिल्टर, म्हणजे सूक्ष्म कण गाळणारी जाळी असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र, दोन्हींवर चालतो: बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ताशी सुमारे 200 घनमीटर क्षमतेचं यंत्र लागतं. हवेचा दर्जा सांगणाऱ्या ॲपवर हवा "समाधानकारक" दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, तो शेरा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमपर्यंत मिळतो, जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा 15 आहे.

हे सगळं दारं-खिडक्या असलेल्यांसाठी. ऊसतोडीच्या टोळीतली बाई खोपीतच चूल पेटवते आणि दिवसभर जळलेल्या फडात राबते. तिला गॅस हवा, आणि फड पेटवणं थांबायला हवं. दोन्ही तिच्या हातात नाही. तिला मी काय सल्ला द्यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.