जनरेटरचा ब्रेकर निवडताना अडलेला एक रकाना

११ केव्ही, १२.५ एमव्हीएचे दोन जनरेटर आणि ग्रिडशी जोडणारा २० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर एकाच बसवर (सगळे जिथे जोडले जातात त्या सामाईक वाहकपट्टीवर) असलेल्या प्रकल्पात जनरेटरचे ब्रेकर (फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर करंट तोडणारे स्विच) ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्णभाराचा करंट ६५६ अँपिअर, म्हणून १२५० अँपिअरचा ब्रेकर घेतला. जनरेटरच्या बाजूला फॉल्ट झाल्यास १०% इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा जनरेटर मिळून सुमारे १५ केए (हजार अँपिअर) येतो, म्हणून २५ केएची क्षमता धरली. इथवर एक दुपार पुरली. पुढचे पाच आठवडे गेले ते एका आकड्यापायी.

बसवर फॉल्ट झाला, तर त्या ब्रेकरमधून फक्त त्याच्याच जनरेटरचा करंट वाहतो. सबट्रान्झिअंट रिअ‍ॅक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या क्षणी जनरेटर स्वतः करतो तो अडथळा) ०.१५ पर युनिट (जनरेटरच्या क्षमतेच्या प्रमाणात) असल्याने तो जेमतेम ४.४ केए होता. मात्र जनरेटरच्या फॉल्ट करंटचा एसी (वर-खाली होणारा) घटक झपाट्याने उतरतो आणि डीसी (एकाच दिशेचा) घटक रेंगाळतो. तो किती रेंगाळेल हे आर्मेचर टाइम कॉन्स्टंटवरून कळते, आणि डेटाशीटवर नेमक्या त्याच रकान्यात एक आडवी रेघ मारलेली होती.

मी जनरेटर पुरवठादाराला लिहिले. ‘कारखान्यातील चाचणीनंतर कळवू’ असे उत्तर आले, आणि पाच स्मरणपत्रांनंतरही तेच उत्तर येत राहिले. ज्या आकड्यावर ब्रेकर फॉल्ट तोडू शकेल की नाही हे ठरते, तो रकाना रिकामा ठेवून डेटाशीट पाठवली जाते, याचा राग मला अजूनही आहे. तीन आठवड्यांनी मी प्रश्न बदलला आणि फक्त निगेटिव्ह सिक्वेन्स (तिन्ही फेजच्या उलट क्रमाच्या करंटसाठीचा) रिअ‍ॅक्टन्स व आर्मेचरचा (करंट पुरवणाऱ्या वाइंडिंगचा) रोध मागितला. दुसऱ्याच दिवशी ०.१६ आणि ०.००३४ पर युनिट हे आकडे हाती आले. रिअ‍ॅक्टन्सला रोध आणि ३१४ (२π × ५०) यांच्या गुणाकाराने भागले, की ५० हर्ट्झवर १५० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट मिळतो. रोध कोणत्या तापमानाचा आहे हे अवश्य विचारावे, कारण थंड वाइंडिंगचा रोध कमी असतो आणि डीसी घटक आणखी लांबतो.

रिलेचा (फॉल्ट ओळखून ब्रेकरला आदेश देणाऱ्या उपकरणाचा) अर्धा सायकल धरून संपर्क ५० मिलिसेकंदांनी सुटतात. तोवर एसी घटक ३.१ केएवर आला होता आणि डीसी घटक त्याच्या शिखराच्या सुमारे १०२% भरत होता. म्हणजे आलेखावरची संपूर्ण लाट शून्यरेषेच्या वर तरंगत होती, आणि ब्रेकर करंट विझवतो तो शून्यातून जातानाच; तो शून्यातून जातच नसेल तर ब्रेकरने तो विझवायचा कुठे?

ब्रेकर विक्रेत्याने आयईसी ६२२७१-१०० या सर्वसाधारण ब्रेकरच्या मानकानुसार झालेल्या टाइप टेस्टचा (नमुना ब्रेकरवरच्या चाचणीचा) अहवाल पाठवला आणि २५ केए असताना ३ केएची काळजी कशाला, असे विचारले. ती चाचणी ४५ मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटवर झालेली होती, म्हणजे त्याच क्षणी डीसी घटक अवघा ३३%. हे त्यांना आकडेमोडीसह समजावण्यात उरलेले दोन आठवडे गेले. ट्रिप (ब्रेकर उघडण्याचा आदेश) मुद्दाम उशिरा देण्याची त्यांची सूचना मी नाकारली, कारण तेवढा वेळ आर्क पेटता राहतो आणि नुकसान वाढते. शेवटी आयईसी/आयईईई ६२२७१-३७-०१३ या जनरेटर-ब्रेकरच्या २०१५ च्या मानकानुसार, जनरेटरकडून येणाऱ्या करंटसाठी ११०% डीसी घटकावर तपासलेला ब्रेकर मिळाला. तो अहवाल हाती आला, तेव्हा मी त्यातील ऑसिलोग्राम (चाचणीतील करंटचा आलेख) आधी उघडला आणि मगच सुटकेचा श्वास सोडला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ११ केव्हीचा जनरेटर १०% जादा व्होल्टेजवर चालवायचा असेल तर १२.१ केव्ही होतात आणि १२ केव्हीचा ब्रेकर अपुरा पडतो, तेव्हा १७.५ केव्हीचा घ्यावा. याच ब्रेकरवर सिंक्रोनायझिंग (जनरेटरचा ताल ग्रिडशी जुळवून जोडणी) होत असेल, तर आउट-ऑफ-फेज (ताल न जुळता जोडल्यास वाहणारा) करंट तोडण्याची चाचणीही चौकशीपत्रातच लिहून मागावी, कारण ऑर्डर गेल्यावर ती मागितली की पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो.