नदीच्या पाण्याचा नमुना: घोळ काठावरच होतो

ई. कोलायची (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण देणाऱ्या आतड्यातल्या जिवाणूची) चाचणी बऱ्याचदा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडते. निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडून दगडावर ठेवलं, किंवा तोंडाच्या आतल्या कडेला बोट लागलं, की तो नमुना बाद.

पाण्यात उतरल्यावर प्रवाह येतो त्या बाजूला तोंड करून उभं राहा, म्हणजे पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो. गाळात जिवाणू दडून असतात. तो बाटलीत आला की आकडा उगाच फुगतो. बाटली उपडी धरून सुमारे 30 सेंटिमीटर खाली न्या, तोंड प्रवाहाकडे वळवा, भरू द्या. वर थोडी जागा सोडा, नाहीतर पुढे हलवायची कशी? आणि नदीच्या पाण्याने आधी विसळू नका. बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असेल तर तेच धुऊन जातं.

बाटली पिशवीत घालून बर्फात ठेवा, कारण वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरतं. चाचणी 6 तासांत सुरू व्हायला हवी.

गाळणपटल पद्धतीत पाणी बारीक छिद्रांच्या पटलातून गाळतात आणि पटलावर अडकलेले जिवाणू बशीत वाढवतात; प्रत्येकाचा एक ठिपका, म्हणजे वसाहत, दिसतो. 20 ते 80 वसाहती असलेली बशीच भरवशाची. पावसानंतर 100 मिलिलिटर गाळलं तर वसाहती एकमेकींत मिसळतात, मोजणार काय? 10 आणि 1 मिलिलिटरच्या बश्याही लावा. सोबत निर्जंतुक पाण्याची एक कोरी बशी हवीच. तिच्यावर वसाहत उगवली तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयास्पद.

वेगवेगळ्या दिवसांच्या आकड्यांची सरासरी भूमितीय काढा, म्हणजे n आकड्यांचा गुणाकार करून त्याचं n-वं मूळ. साध्या सरासरीत एकच पावसाळी दिवस सगळं चित्र बदलतो.