जमत नाही म्हणजे तुम्ही ढ नाही

नवीन गॅजेट घेतलं आणि ते पटकन जमलं नाही की माणूस लगेच म्हणतो, मला बुवा यातलं काही कळत नाही. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा चूक त्या माणसाची नसतेच.

वायरलेस इअरबड्सचंच घ्या ना. बटण दिसतच नाही. एकदा टॅप केलं की गाणं थांबतं, दोनदा केलं की पुढचं लागतं, दाबून धरलं तर भलतंच काहीतरी होतं, आणि दुसऱ्या कंपनीचे घेतले की हे सगळं परत वेगळं. केसवरचा लाइट लुकलुकतोय तो चार्जिंग संपत आलं म्हणून की पेअरिंग, म्हणजे फोनशी जोडणी, चालू आहे म्हणून, हे ओळखायचं कसं? ज्यांनी ते बनवलं ते लोक महिनोन्‌महिने तीच वस्तू वापरत असतात, त्यांच्या सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नवखा माणूस कुठे अडेल हे त्यांच्या लक्षातच येत नाही. त्यात बटणं वाढवली की खर्च वाढतो, जागाही लागते, मग पाच कामं एकाच जागी कोंबतात.

आणि पद्धत रुळायलाही वेळ लागतोच. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी बघा, आजचा पट्टीचा ड्रायव्हरसुद्धा तिच्यात गडबडेल, कारण अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, तो स्टीअरिंगजवळच्या दांडीवर, खाली तीन पेडल, डावं गिअरचं, मधलं दाबलं की रिव्हर्स, आणि उजवं ब्रेकचं! म्हणजे आजच्या सवयीने उजवं दाबलं तर गाडी पळायच्या ऐवजी थांबणार. आज कुठलीही गाडी घेऊन निघता येतं ते सगळ्या कंपन्या हळूहळू एकाच मांडणीवर आल्या म्हणून. टच आणि व्हॉइसवाल्या वस्तूंचं अजून तसं झालेलं नाही.

बरं, रुळलेलं मोडलं की काय होतं तेही पाहिलंय आपण. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण गायब. रोज कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं कॉम्प्युटर बंद कुठून करायचा ते शोधत बसली, कारण तो मेनू स्क्रीनच्या उजव्या कडेला लपवलेला, माउस कोपऱ्यात नेल्याशिवाय दिसायचाच नाही. ही माणसं काही अडाणी नव्हती. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बटण परत आणलं.