आबांची मॅसी पस्तीस

शिरोळकडचे आबा सकाळी नऊलाच उद्यमनगरात माझ्या शेडसमोर हजर. टेम्पोत त्यांचा जुना ट्रॅक्टर, मॅसी फर्ग्युसन ३५. लाल बोनेट, राखाडी पोट. वडिलांनी घेतलेली, गेली अकरा वर्षं गोठ्याशेजारी उभी.

"मिस्त्री, यंदा खंडेनवमीला ही चालू व्हायला पाहिजे," असं म्हणत त्यांनी घडी घातलेला कागद काढला. एका दुकानदाराचा अंदाज होता. लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) आणि पिस्टन ‘इंपोर्टेड’ ७८ हजार, क्रँक ग्राइंडिंग म्हणजे क्रँकशाफ्ट घासून घेणं, नवा हायड्रॉलिक पंप, रंगकाम धरून पावणेतीन लाख. इंजिनाचा एक बोल्टही न खोलता! त्यासाठी आबा दुभती म्हैस काढायला निघाले होते. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मी हातातली दुसरी कामं बाजूला ठेवली.

पुढचा अ‍ॅक्सल सोडवून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, हेड काढलं. दुपारी तीन वाजेपर्यंत पिस्टन बाकावर आले. लायनरच्या वरच्या कडेला नखाला अडेल अशी पायरी पडली होती, म्हणजे लायनर-पिस्टनचा नवा किट लागणारच. पण कुठला? या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.६ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५ इंच. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं, १५२ घनइंचाचं इंजिन. चेन्नईच्या सिम्पसननं हेच इंजिन आपल्याकडं बनवलं आणि मॅसी २४१ मध्येही त्याच मापाचं आहे. पोराला गल्लीतल्या दुकानात पाठवून एक किट बघायला मागवला. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवले. पिनचं माप, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरचा खळगा, सगळं तंतोतंत जुळलं. हे जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हल्लीच्या मॅसी १०३५ चं इंजिन २४०० सीसीचं आहे, या जुन्या ३५ चं २५००. नावात ‘पस्तीस’ आहे म्हणून १०३५ चा किट आणला की फसलात.

किट साडेअकरा हजारांना मिळाला. आबांनी दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?"

क्रँकला मायक्रोमीटर लावला. जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतात ते भाग, मापात होते, ओरखडाही नव्हता. ग्राइंडिंग कशाला? पॉलिश करून नवे बेअरिंग टाकले की झालं. बोनेटचा पत्राही जाड आणि चांगला होता. तो ठोकून सरळ होतो, नवा शोधत फिरायला नको.

राहिली नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट. नांगर उचलल्यावर हळूहळू खाली बसायचा. या मॅसीचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, म्हणून कुणीही सरळ ‘पंप गेला’ म्हणतो. पण हा उचलत होता, फक्त धरून ठेवत नव्हता. माझा संशय लिफ्टच्या सिलिंडरमधल्या पिस्टनवरच्या सीलवर. सील काही रुपड्यांचं, पण तिथं पोचायला सीटसकट वरचं अख्खं झाकण उचलावं लागतं. दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो.

संध्याकाळी त्याच कागदाच्या पाठीवर मी आकडे लिहिले. माल वेगळा, लेथवाल्याचे वेगळे, माझी मजुरी वेगळी. एकूण ७४ हजार, रंगासकट. जुने पिस्टन गोणपाटात बांधून आबांच्या हवाली केले. ते त्यांचेच आहेत.

लिफ्टच्या मजुरीपुढं मी साडेतीन हजार लिहिले होते. आबांनी त्यावर बोट ठेवलं, मी झाकण कसं उचलतात ते समजावून सांगितलं. "मग बरोबर आहे," म्हणाले, आणि कागद खिशात घातला.